अंगठ्याएवढ्या बाटलीचं कर्ज

ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि माझं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून मुंगळा चालल्यासारखं, असं माझी लेक म्हणते. त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाही ठाऊक नाही, कारण हे कोणाला दाखवायचं नाही. चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा झरीला होती, आमच्या वस्तीपासून लांब, आणि घरात कापूस वेचायला हात कमी होते. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते फक्त सहीपुरतं.

बाटलीसाठी मी माझ्या नावावर कर्ज का उचललं, हे मला बचत गटातल्या बायकांनी विचारलं, नवऱ्याने विचारलं, लेकीने विचारलं. तोंडाने नीट सांगता आलं नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. म्हणून लिहून बघते.

मी परभणीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाडूपोछाला आहे. पगार कॉलेज देत नाही, साफसफाईचा ठेका घेतलेला गुत्तेदार देतो, तोही त्याला आठवेल तेव्हा. जनावरांच्या रक्तावर काम चालतं ती खोली माझ्याकडे. तिथे मोठे सर असतात, पण ते जास्त करून मीटिंगमध्येच. एक मामा असतात, म्हणजे प्रयोगशाळेचे जुने नोकर, केस पांढरे झालेले, सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. आणि शिकायला आलेल्या मुली असतात, त्या येतात आणि जातात. त्यातलीच ही ताई. पालमची. तिचं शिक्षण इतकं लांबलं होतं की तिच्याबरोबरीच्या मैत्रिणींची लेकरं शाळेत जात होती.

तिच्याआधी मला त्या खोलीत सगळे एकच गोष्ट सांगायचे, इथे हात लावू नका, तिथे हात लावू नका. हीसुद्धा तेच सांगायची, पण का लावायचा नाही तेही सांगायची. एक दिवस खोक्यात बर्फ भरून एक बाटली आली. बाटली कसली, माझ्या अंगठ्याएवढी नळी, आणि तिच्या तळाशी अश्रूएवढं पाणी. ताईने ती दोन्ही हातांत धरून मला दाखवली. किंमत ऐकून मी मागे सरकले. तेवढ्यात आमच्या आख्ख्या घरावर नवे पत्रे आले असते.

मी विचारलं, हे कशाचं औषध. ती म्हणाली, औषध नाही, अँटिबॉडी आहे. मग माझं तोंड बघून हसली आणि स्टुलावर बसली.

"मावशी, लग्न झाल्यावर नवरीसंग सासरला पाठराखीण जाती का न्हाई?"

"जाती की."

"तसंच हाय बघा. अंगात प्रोटीन तयार होतं तवा ते नुसतं धाग्यासारखं मोकळं असतं. त्याची नीट घडी बसली तरच कामाचं. लय ऊन लागलं की घडी बिघडती. मग दुसरं एक प्रोटीन येतं, त्याला धरून ठेवतं, घडी बसूस्तोवर सोडत न्हाई. ती पाठराखीण."

"आणि ती या बाटलीत हाय?"

"न्हाई. ती शेळीच्या रक्तात हाय. बाटलीतलं हे फक्त तिला ओळखतं. हजार जणी असल्या तरी बरोबर तिलाच जाऊन चिकटतं. मग कागदावर काळी रेघ उमटती. रेघ जाड, तर पाठराखिणी जास्त."

मे महिन्यात तिने काही शेळ्या सावलीत बांधल्या होत्या आणि काही उन्हात, हे मला माहीत होतं, कारण त्यांना पाणी पाजायला मीच जायची. त्यांचं रक्त दुसऱ्या इमारतीतल्या मोठ्या गार पेटीत ठेवलं होतं. आपल्याकडच्या उन्हात कोणती शेळी टिकते ते या रेघांवरून कळेल, असं तिचं काम होतं. ते झालं की तिची डिग्री. त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्याने तेच घोळवत गेले. पाठराखीण म्हणून मी माझ्या चुलतबहिणीबरोबर गेले होते. ती पहिल्या दिवशी जेवली नाही तेव्हा कोणाला कळू नये म्हणून तिच्या ताटातली भाकरी मीच लपवून ठेवली होती.

मग दसरा आला.

आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा होते. मामा मूळचे लोहाराच्या घरातले. त्यांच्याकडे त्या दिवशी भाता, हातोडा, ऐरण धुऊन पुजतात आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. अवजारांनी वर्षभर राबायचं, एवढे दिवस तरी त्यांना आराम द्यायचा, असं ते म्हणायचे. इथे नोकरीला लागल्यापासून त्यांनी तेच चालवलं होतं आणि सरांनाही ते आवडायचं. मी खोली धुतली, रांगोळी काढली. ताईने झेंडूचे हार आणले आणि प्रत्येक मशिनीला आपल्या हाताने घातले. मी हळदीकुंकू लावलं. सरांनी नारळ फोडला. सगळ्यांनी पेढा खाल्ला, फोटो काढले, आणि ताई दुपारच्या एसटीने पालमला गेली. आम्ही निघताना मामांनी दरवर्षीप्रमाणे एकेका मशिनीची विजेची पिन काढून ठेवली आणि कुलूप घातलं.

दरवर्षी त्यात काही बिघडत नव्हतं, कारण गार ठेवायच्या सगळ्या वस्तू दुसऱ्या इमारतीत असायच्या. पण छोटी फ्रीजरपेटी त्याच वर्षी आमच्या खोलीत आली होती. तिला मी कुंकू लावलं होतं, ताईने हार घातला होता, आणि बाटली तिच्या पोटात होती. कोणाच्याच ध्यानात आलं नाही. पूजा सगळ्यांनी मिळून केली होती, त्यामुळे हे एकट्याचं आहे असं कोणाला म्हणताही येईना.

दसरा झाला, पुढे रविवार जोडून आला, आणि आश्विनातलं ते ऊन. दार उघडलं तेव्हा फ्रीजरखाली पाणी साचलं होतं. हार काळा पडला होता. मामा पिन हातात धरून उभे राहिले. मी फरशी पुसत होते आणि माझी मान वर होईना. ताई आली तेव्हा मामांनीच तिला सांगितलं.

"पोरी, आमी पिना काढल्या हुत्या. समद्याच."

तिने बाटली काढून उजेडात धरली, झाकणाला हात लावून बघितला आणि परत ठेवली. तरीही तिने आशा सोडली नाही. दिवाळीच्या तोंडावर मोठ्या गार पेटीतलं रक्त काढून प्रयोग लावला. दोन दिवस ती त्या पांढऱ्या कागदाला कसलं कसलं पाणी घालत, हलवत बसली. शेवटी मशिनीत बघितलं तर कागद कोराच. एकही रेघ नाही. नासलेल्या दुधाला विरजण लावून काही होतं का, तसं झालं.

सर रागावले नाहीत, तेच वाईट होतं. ते म्हणाले, प्रोजेक्टचे पैसे संपले, पुढच्या वर्षी मागणी करू. ताईकडे पुढचं वर्ष नव्हतं. तिची स्कॉलरशिप थांबली होती, या कामाचं पुस्तक, म्हणजे प्रबंध, जमा करायची मुदत जवळ आली होती, आणि घरी एक स्थळ थांबवून ठेवलं होतं. बापाने एवढंच कबूल केलं होतं, की डिग्री होऊ दे, मग लग्न. डिग्री लांबली की लग्न आधी. वर रक्तही थोडंच उरलं होतं. तसलं रक्त परत मे महिन्याशिवाय मिळणार नव्हतं.

मामा त्या दिवसांत डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. मला एकदा म्हणाले, "बाई, देवाचं केलं ना आपण? मग असं कसं?"  ते पुढच्याच महिन्यात रिटायर होणार होते. त्यांनी ताईला थोडे पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत.

एक दिवस मी जिना झाडत होते आणि ती पायरीवर बसलेली. मी म्हटलं, ताई, उठता का, कचरा उडंल. ती उठली नाही. म्हणाली, तिच्याकडे नव्या बाटलीच्या निम्मे पैसे आहेत. मैत्रिणींना विचारलं, सगळ्या तिच्यासारख्याच. घरी मागितले तर बाप म्हणेल, बस झालं. मी झाडू भिंतीला लावला. माझ्या तोंडातून शब्द कसे आले ते मला आजही कळत नाही.

"मी गटातून उचलते."

"मावशी, काय बोलायलाव तुमी? तुमच्या नावावर कर्ज?"

"तुमी हप्ता देत जा. मी भरत जाते."

तिने दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी गप्प राहिली, आणि मला कळलं.

आमच्या गटाची बैठक अंगणवाडीच्या वट्ट्यावर होते. मी तिथे वर्षानुवर्षे मागच्या रांगेत बसून अंगठ्याऐवजी सही करते, याचंच मला कौतुक. त्या दिवशी उभी राहिले तेव्हा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, बाई गं, ही बोलती का? बायका हसल्या. मी कर्ज पाहिजे म्हणाले. त्यांना वाटलं, पत्र्यासाठी. मी नाही म्हणाले. कॉलेजातल्या मुलीला शेळ्यांच्या प्रयोगासाठी बाटली घ्यायची आहे, असं सांगितलं.

"तेवढ्या पैशात शेळ्याच घे की," एक म्हातारी म्हणाली. "दूध तरी देत्याल."

"शेळी बिमार हाय का?"

"न्हाई."

"मग औषध कुणाला, त्या पोरीला?"

मीही हसले त्यांच्याबरोबर, कारण दुसरं काय करावं कळेना. पण बसले नाही. त्या वेळची कर्जाची पाळी खरं तर दुसरीची होती, शिवणकाम करणाऱ्या एका बाईची. तिला पिकोची मशीन घ्यायची होती. ती माझ्या लेकीचे झंपर शिवते. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझी पाळी हिला द्या. पण हप्ता चुकला तर बँक समद्यांचं बंद करती, ध्यानात ठेव. मग माझी मशीन गेली."

ते ओझं पैशांपेक्षा जड होतं. नवरा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतो. त्याला सांगितलं तेव्हा तो पोतं उचलतानाचा दम घेतल्यासारखा थांबला आणि म्हणाला, "दे. पण वापस आलं न्हाई तर माझ्याकडं बघू नको."

बाटली मुंबईहून निघाली आणि भलतीकडे गेली. नांदेडला पोचली, तिथे कोणी घेईना, परत फिरली. ताई दिवसभर फोनवर. बर्फ किती टिकेल तेच ती प्रत्येकाला विचारत होती. शेवटी कुरियरच्या दुकानातून निरोप आला तेव्हा आम्ही दोघी रिक्षाने गेलो. खोकं मी मांडीवर घेतलं. रस्ताभर मला एकच वाटत होतं, मांडीला गार लागतंय तोवर पैसे जिवंत आहेत. उघडलं तेव्हा तळाला बर्फ होता. ताईने लगेच बसून त्यातलं पाणी लहान लहान नळ्यांत थेंब थेंब वाटून ठेवलं, एकच बाटली रोज काढघाल केली तर ती मरते म्हणून. मामांच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा. त्यांनी फ्रीजरच्या बटणावर चिकटपट्टीचे थरावर थर मारले, इतके की नंतर ते बटण कोणालाच दिसेना.

उरलेलं रक्त एकदाच पुरणार होतं. प्रयोगाच्या दिवशी ताईने मला खोलीबाहेर जाऊ दिलं नाही. म्हणाली, बसा, पुसू नका काही. मशिनीच्या काचेत आधी नुसतं धुरकट दिसलं. मग रेघा वर आल्या. सावलीतल्या शेळ्यांच्या बारीक. उन्हातल्यांच्या जाड, पण सगळ्यांच्या सारख्या नाहीत, दोघी-तिघींच्या खूपच जाड. मामांनी टोपी काढली. ताई हसली नाही, रडली नाही, वाकून बघतच राहिली. मी पण बघत होते. पण खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांसमोर त्या काळ्या रेघा नव्हत्या, हप्ता होता.

पुस्तक जमा झालं. ती माझ्या पाया पडून गेली. पहिले हप्ते तिने वेळेवर पाठवले. मग एक उशिरा आला. मग आलाच नाही. फोन लावला तर लागायचा, पण उचलायची नाही. मग लागेनासाच झाला.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. कॉलेजचं काम झालं की मी दोन घरची भांडी धरली आणि हप्ता माझ्या कमाईतून भरला. गुत्तेदाराने एकदा पगार लांबवला तेव्हा कानातलं मोडलं. बैठकीत मला कोणी शिव्या दिल्या नाहीत. म्हातारी फक्त विचारायची, "काय गं, शेळी व्याली का?" आणि सगळ्या हसायच्या. पिकोवाली हसायची नाही. ती माझ्याकडे बघायचीच नाही, ते जास्त लागायचं. पावसाळ्यात घर गळायला लागलं तेव्हा नवरा नुसता पातेलं उचलून दुसऱ्या गळतीखाली ठेवायचा. मला त्या ताईचा रागही नीट यायचा नाही. राग यायला लागला की तिच्या जागी माझी लेक दिसायची. पण फसले का, हा विचार मात्र भांड्याच्या प्रत्येक खडखडाटात यायचा.

शेवटी मी पालमला गेले. मनात वाक्य पाठ करून गेले होते, एसटीत खिडकीकडे तोंड करून तेच म्हणत होते. पैसे आजच्या आज पाहिजेत, मला काही सांगू नका. घर विचारत विचारत पोचले. तिच्या आईने दारातच ओळखलं. पोरगी तुमचं लय नाव घेती, म्हणाली. पाणी दिलं, चहा दिला, जेवायला वाढलं. बाप समोर बाजेवर बसलेला. त्याने मला मुलीच्या कॉलेजच्या मॅडमसारखं अहो-जाहो केलं. दोघांना कर्जाचं काहीच ठाऊक नव्हतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी, तोंडावर रंग नाही. माझं पाठ केलेलं वाक्य मी ताटातल्या भाकरीबरोबर गिळलं. निघताना आईने माझी ओटी भरली. खण, नारळ, मूठभर गहू. पैसे मागायला गेलेली बाई ओटी भरून निघाली.

स्टँडपर्यंत सोडायला ताई आली. अर्ध्या वाटेत तिनेच विचारलं.

"मावशी, तुमी मागितलं का न्हाई?"

"आईबापासमोर कसं मागू?"

तेव्हा ती बोलली. तोंडी परीक्षा अजून लागली नव्हती. परीक्षा नाही तर डिग्री नाही, डिग्री नाही तर नोकरी नाही. तिला फोन उचलायची लाज वाटायची, आणि उचलला नाही म्हणून आणखी लाज. मी म्हणाले, "ताई, पैसे नसले तर नसले. पण फोन उचला. मला गटात उत्तर द्यावं लागतं. नुसतं एवढं तरी सांगता यावं, की तुमी हाव." माझ्या आयुष्यात मी कोणाला एवढं कडक बोलले नव्हते.  एसटी आली.

त्यानंतर ती फोन उचलू लागली. पैसे नसले तरी उचलायची आणि नाहीत असं सांगायची. परीक्षा झाली. पाथरीला एका कॉलेजात तासावर शिकवायचं काम मिळालं. तो पगारही सहा-सहा महिने अडकतो म्हणे, माझ्या गुत्तेदाराच्या पगाराचाच भाऊ. पण जेव्हा मिळायचा तेव्हा आधी माझा हप्ता निघायचा. कधी पूर्ण, कधी अर्धा. बापाला तिने स्वतःच सांगितलं. तो काय म्हणाला ते तिने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लग्न मोडलं का लांबलं, तेही मला माहीत नाही. माझ्या पदरचे जे हप्ते गेले होते, ते मी आठवण करून न देताच तिने हिशोबात धरले. कानातल्याचे पैसेही धरले. त्याचं मी बोलले नव्हते, ते तिला लेकीकडून कळलं असावं.

परवा बैठकीला ती स्वतः आली. वट्ट्यावर बायकांत मांडी घालून बसली. म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, हीच का शेळीवाली? ताई म्हणाली, व्हय, आजी, मीच. मग तिने पर्समधून पाकीट काढून माझ्या हातात दिलं, अध्यक्षीणबाईंच्या हातात नाही. मी ते उघडलं नाही. तसंच पुढे केलं. अध्यक्षीणबाईंनी नोटा मोजल्या, व्याजाशी ताडून बघितल्या, परत एकदा मोजल्या. मी पिकोवालीकडे बघायचं धाडस केलं. ती पदराने कपाळ पुसत होती. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, हिचं समदं फिटलं, काही राहिलं न्हाई, आता पुढच्या पाळीचं नाव घ्या.